घरी जोडलेल्या संगणकाचा प्रोसेसर तापतो तेव्हा

सुटे भाग विकत आणून संगणक घरीच जोडण्याची हौस शहरी मराठी घरांना नवी नाही. मुंबईचा डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, ही या हौशी मंडळींची जुनी पंढरी. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट यांची खोकी सांभाळत लोकलने घरी यायचे आणि रविवारी दुपारी सारा संसार जमिनीवर पसरून संगणक उभा करायचा, हा कार्यक्रम अनेक घरांत झाला आहे. आता भाग ऑनलाइनही मागवले जातात, पण जोडणीतला आनंद आणि जोडणीतल्या चुका मात्र त्याच राहिल्या आहेत.

त्या चुकांचे फळ बहुधा काही महिन्यांनी पदरात पडते. सुरुवातीला पंखा घरघरू लागतो. मग व्हिडिओचे संपादन किंवा एखादा खेळ चालू असताना संगणक अचानक संथ होतो आणि शेवटी एके दिवशी, नेमका प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री, पडदा काळा होऊन यंत्र बंद पडते. पाच मिनिटांनी ते पुन्हा सुरू होते, जणू काही घडलेच नाही. दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर "प्रोसेसर गेला" किंवा "बोर्ड बदलावा लागेल" असा निकाल मिळतो आणि घरच्या अंदाजपत्रकाला दहा-वीस हजारांचे भगदाड पडते.

असा निकाल मान्य करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. संगणकाच्या सर्व भागांत प्रोसेसर हा सहसा सर्वांत शेवटी बिघडणारा भाग असतो. तापणे हा त्याचा दोष क्वचितच असतो. त्याने निर्माण केलेली उष्णता बाहेर नेणाऱ्या वाटेत कुठे तरी अडथळा आलेला असतो. तो अडथळा शोधण्यास फारशी हत्यारे लागत नाहीत. एक स्क्रूड्रायव्हर, थोडा संयम आणि क्रमाने विचार करण्याची तयारी पुरेशी होते.

उष्णता येते कुठून?

१९९३ साली आलेले पहिले पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट वीज वापरत. त्यावर छोटासा पंखा बसवला की काम भागत असे. पुढच्या दहा वर्षांत कंपन्यांनी वेगाची शर्यत लावली आणि विजेचा खर्च चढत गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये बाजारात आलेल्या 'प्रेस्कॉट' पेंटियम-४ ने १०० वॅटची पातळी ओलांडली. त्यातील ट्रान्झिस्टर आधीच्यापेक्षा लहान होते, पण त्यांतून होणारी विजेची गळती वाढलेली होती. काम नसतानाही वाया जाणारी ही वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ची योजना सोडून दिली आणि २००६ साली आलेल्या कोअर-२ ड्युओमध्ये हा आकडा ६५ वॅटवर आणला.

हा संयम फार काळ टिकला नाही. २०२२ साली आलेल्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे, तर त्याच वर्षीचा एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत जाऊ शकतो. जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना त्याचा चटका आठवत असेल. असे दोन-अडीच दिवे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात कोंबले तर काय होईल, ही कल्पना केली की पंख्यांचा आणि हीटसिंकचा एवढा पसारा कशासाठी हे कळते.

ही उष्णता सिलिकॉनमधून त्यावरच्या धातूच्या झाकणात, झाकणावरून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकच्या तळात, तिथून पात्यांमध्ये, पात्यांवरून पंख्याच्या वाऱ्यात, मग कॅबिनेटच्या बाहेर आणि सरतेशेवटी खोलीत जाते. यांपैकी कोणताही एक टप्पा अडला तर मागे सारे तुंबते. कोणता टप्पा अडला आहे हे ओळखणे म्हणजेच निदान.

प्रोसेसर जळतो का?

पूर्वी जळत असे. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू संगणकावरचा हीटसिंक काढून घेण्याचे एक प्रात्यक्षिक चित्रित केले होते. पेंटियम-४ ने आपला वेग कमी करून तग धरला, पेंटियम-३ थिजला पण वाचला आणि त्या काळचे एएमडी अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून संपले. त्या चित्रफितीने मोठी खळबळ माजवली. त्यानंतर तापमानापासूनचे संरक्षण सर्वच प्रोसेसरांमध्ये आले.

आजच्या प्रोसेसरमध्ये हे संरक्षण दोन पायऱ्यांचे असते. ठरलेली मर्यादा गाठली की तो आधी स्वतःचा वेग घटवतो; याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांसाठी ९५ अंश आहे. वेग घटवूनही तापमान चढतच राहिले, तर प्रोसेसर मदरबोर्डला वीज तोडण्याचा इशारा देतो. तेव्हा अचानक बंद पडणारा संगणक हा मेलेला नव्हे, तर स्वतःचा जीव वाचवणारा संगणक असतो. न साठवलेले काम मात्र या बचावात जाते, आणि डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज तुटली तर फाइल खराब होण्याचा धोका राहतोच. म्हणून तपासणीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

आधी मोजमाप

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर आणि वेग दिसतो, तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे. बायॉसच्या पडद्यावरही तापमान दिसते, परंतु तिथे वीजबचतीच्या सोयी पुरत्या चालू नसल्याने आकडा थोडा चढा येतो. बायॉसमध्ये ५० अंश दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

आकडा वाचताना खोलीचे तापमान सोबत लिहून ठेवावे, कारण हीटसिंक कितीही उत्तम असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंमधला फरक कमी ठेवतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत पूर्ण भाराखाली ७० अंश दाखवणारा संगणक मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच भाराखाली ८८ अंशांच्या आसपास जाणार, हा साधा हिशेब आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत संगणकाला दोष देण्यात अर्थ नसतो. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात; ते आपल्या घरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहणारे विनाकारण हवालदिल होतात.

काही वेळा आकडाच फसवा असतो. २०१७ च्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० अंश वाढवून सांगितले जात. हे ठाऊक नसलेल्या अनेकांनी चांगले कूलर बदलून टाकले. नव्या रायझनमध्ये एखादे पान उघडताच तापमान क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळते आणि खाली येते. तेही स्वाभाविक आहे. ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे स्थिर राहणे हा रायझन ७००० च्या वरच्या मॉडेलांच्या रचनेचाच भाग असल्याचे एएमडीने सांगितले होते. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. कामाचा भार पूर्ण असताना वेग त्या प्रोसेसरच्या मूळ वेगापेक्षाही खाली घसरतो का, हे पाहावे. तसे होत असेल तर दुखणे खरे.

चढणीचा आलेख काय सांगतो?

निदानाची खरी किल्ली तापमान किती चढले यात नसून ते कसे चढले यात आहे. संगणक दहा मिनिटे शांत ठेवावा, मग प्राइम९५ किंवा सिनेबेंचसारखा भार टाकणारा प्रोग्रॅम लावावा आणि आलेखाकडे पाहत बसावे. तापमान मर्यादेला टेकून वेग कोसळू लागला तर प्रोग्रॅम लगेच थांबवावा. आवश्यक ते कळलेले असते.

भार पडताच दोन-तीन सेकंदांत तापमान ४० वरून ९५ वर झेपावले आणि भार काढताच तितक्याच वेगाने कोसळले, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. हीटसिंक म्हणजे धातूचा मोठा गोळा. तो तापायला वेळ लागतो. त्याच्यापर्यंत उष्णता जात असती तर चढण इतकी उभी झालीच नसती. दोष प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या सांध्यात आहे. (अतिशय ताकदीच्या प्रोसेसरवर अगदीच छोटा कूलर बसवला असेल तरी चित्र काहीसे असेच दिसते, हा अपवाद ध्यानात ठेवावा.)

याउलट तापमान प्रथम ७० वर थांबून मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ७५, ८०, ८८ असे चढत गेले आणि भार काढल्यावरही खाली यायला बराच वेळ लागला, तर सांधा ठीक आहे. हीटसिंक उष्णता घेतो आहे, पण ती टाकायला त्याला थंड हवा मिळत नाही. दोष धुळीत, पंख्यात किंवा कॅबिनेटमध्ये आहे.

या दोन्हींची खातरजमा हाताने करता येते. प्रोसेसर ९५ अंश सांगत असताना हीटसिंकच्या कडेच्या पात्यांना, फिरत्या पंख्यापासून बोट जपून, हलका स्पर्श करावा. पाती जेमतेम कोमट लागली तर सांधा दोषी. चटका बसेल इतकी तापली असतील तर हवा दोषी. दुसरी चाचणी याहून सोपी आहे. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून टाकावी आणि तोच भार पुन्हा द्यावा. तापमान दहा-बारा अंशांनी उतरले, तर कॅबिनेटला श्वास घ्यायला जागा नाही. काहीच फरक पडला नाही, तर कॅबिनेट निर्दोष आहे आणि नवे पंखे विकत घेऊन उपयोग होणार नाही.

एवढ्या दोन चाचण्यांनी बहुतेक प्रकरणांचा अर्धा निकाल लागतो आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

सांध्याचे दुखणे

घरगुती जोडणीतली सर्वांत हास्यास्पद चूक हीच सर्वांत नेहमीची आहे. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण चिकटवलेले असते आणि ते न काढताच कूलर बसवला जातो. संगणक सुरू होतो, थोडा वेळ चालतोही आणि मग तापतो. अनुभवी माणसांच्या हातूनही हे घडते, त्यामुळे त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पहिली शंका इथेच घ्यावी.

दुसरा गुन्हेगार म्हणजे इंटेलच्या कूलरचे प्लॅस्टिकचे चार खिळे. २००४ साली एलजीए७७५ सॉकेटबरोबर ही पद्धत आली आणि पुढच्या अनेक पिढ्यांत तशीच चालू राहिली. हे खिळे मदरबोर्डच्या छिद्रांत दाबून बसवायचे असतात. चारपैकी एक अर्धवट बसला की हीटसिंक केसभर तिरका राहतो आणि तेवढे पुरते. खिळ्याच्या डोक्यावरील बाण पाहून अनेकजण तो 'घट्ट' करायला बाणाच्या दिशेने फिरवतात. प्रत्यक्षात ती दिशा खिळा सोडवण्याची आहे. चारही खिळे आधी उलट दिशेला पूर्ण फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतली जोडी एका वेळी, 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावी. नंतर मदरबोर्डच्या मागून विजेरी मारून चारही टोके सारखी बाहेर आली आहेत का ते पाहावे. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर हे काम अवघड होते, म्हणून कूलर आधी बसवणे शहाणपणाचे.

जुना कूलर नव्या बोर्डावर वापरणाऱ्यांनी आणखी एक माप तपासावे. एलजीए११५एक्स आणि १२०० या सॉकेटांत कूलरच्या छिद्रांमधले अंतर ७५ मिलिमीटर होते. २०२१ साली आलेल्या एलजीए१७०० मध्ये ते ७८ झाले आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. ओढूनताणून बसवलेला जुना कूलर वरून बसलेला दिसतो, पण त्याचा दाब पुरेसा पडत नाही. कूलरच्या कंपनीकडून त्या सॉकेटचा वेगळा संच मिळतो, तोच घ्यावा. याच एलजीए१७०० सॉकेटच्या पकडीमुळे प्रोसेसरचे झाकण मध्यभागी सूक्ष्म वाकते, अशीही तक्रार बरीच गाजली. त्यावर उपाय म्हणून वेगळ्या धातूच्या चौकटी विकल्या जातात. त्यांनी काही अंश कमी होतात, पण बाकीचे सारे तपासून झाल्याखेरीज त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

थर्मल पेस्टविषयी गैरसमज फार. तांब्यापेक्षा ती उष्णता वाहण्यात कित्येक पटींनी मंद असते. तिचे काम एवढेच, की दोन धातूंच्या पृष्ठभागांतील डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांत जी हवा अडकते, ती हटवून तिची जागा घेणे. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक असल्याने पेस्ट तिच्यापेक्षा शंभरपटीहून अधिक सरस ठरते. तेव्हा पेस्ट मुळीच नसणे वाईट, पण लोण्यासारखा जाड थापा मारणेही बरे नव्हे. लहान प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी, मोठ्या झाकणावर फुलीच्या आकारात थोडी अधिक, एवढी मात्रा पुरते. पसरवण्याचे काम कूलरचा दाब करतो. पेस्टऐवजी टूथपेस्ट वापरण्याचा जो प्रयोग अधूनमधून फिरत असतो, तो सुरुवातीला खरोखर चालतो. पाणी उडून ती खडूसारखी झाली की मात्र फजिती होते.

पेस्ट वर्षानुवर्षांनी सुकते. तीन-चार वर्षे जुना संगणक पूर्वीपेक्षा तापत असेल आणि धूळ काढूनही फरक पडत नसेल, तर ती बदलून पाहावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे पुसावेत. कूलर एकदा उचलला की जुन्या पेस्टवर तो तसाच पुन्हा ठेवू नये. हवेचे बुडबुडे अडकतात आणि आधीचे बरे होते असे म्हणण्याची पाळी येते.

इथे एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांना विशेष सावधगिरीची गरज आहे. त्यांच्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात आणि सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरून ठेवते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. तापण्याचे साधे दुखणे अशा रीतीने खरोखरच्या नुकसानीत बदलते. त्यासाठी संगणक आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग बंद करून, वीजतार काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूच पिळत सोडवावा आणि पेस्टची पकड सुटल्याचे हाताला जाणवले की मगच उचलावा. २०२२ च्या एएम५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि ही भीती उरली नाही.

हवेची वाट

आपल्याकडच्या धुळीला तोड नाही. रस्त्यालगतच्या घरात, खिडकीजवळ, जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये वर्षभरात हीटसिंकच्या पात्यांवर नमदा जमतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतही नाही, कारण तो पंख्याखाली दडलेला असतो. त्यात किनारपट्टीचा दमटपणा किंवा उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरची ओली हवा मिसळली की धूळ पात्यांना लिंपल्यासारखी चिकटते. वीज पूर्ण बंद करून, बाल्कनीत नेऊन, मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीजतार काढल्यावरही धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

पंखा कोणत्या दिशेने वारा फेकतो, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मधली मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरून आत आणि मागून-वरून बाहेर, असा प्रवाह हवा. पुढचे आणि मागचे दोन्ही पंखे हवा बाहेर फेकताना किंवा दोन्ही आत ओढताना आढळतात. शंका असेल तर पेटती उदबत्ती कॅबिनेटच्या बाहेरून जाळीजवळ धरावी. धूर सारे सांगून टाकतो. अनेक घरांत संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी दार असलेला लाकडी कप्पा असतो. दिसायला तो नीटनेटका असला तरी संगणकासाठी ती भट्टी ठरते, कारण बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. पाठ भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटचीही हीच गत. वीतभर जागा सोडली तरी फरक दिसतो.

कूलरच्या पंख्याची तार मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' असे लिहिलेल्या जागीच लावावी. ती दुसरीकडे लावली तर पंख्याला प्रोसेसरच्या तापमानाची खबरच मिळत नाही आणि तो आपल्या संथ चालीने फिरत राहतो. बायॉसमध्ये 'सायलेंट' ही चाल निवडलेली असेल तर तीही तपासावी.

पाण्याने थंड करणारे बंद कूलर आता घरोघरी दिसू लागले आहेत. त्यांत पंखे फिरत असले तरी पंप बंद पडलेला असू शकतो आणि तसे झाले की बायॉसमध्ये बसल्याबसल्याच तापमान ९० कडे धावते. एक नळी गरम व दुसरी थंड लागणे, ही पाणी फिरत नसल्याची खूण. रेडिएटर असा लावावा की त्याचा वरचा भाग पंपाच्या वर राहील. नाहीतर आतली हवा पंपात गोळा होऊन गुळगुळ आवाज येतो आणि पंपाचे आयुष्य घटते.

बोर्डाची उदारता

सांधा ठीक, हवा ठीक, तरीही प्रोसेसर तापतो. असे झाले तर बायॉस उघडावे. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या आपला बोर्ड परीक्षणांत वेगवान दिसावा म्हणून प्रोसेसरवरील विजेच्या मर्यादा मूळ स्थितीतच सैल करून ठेवतात. 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' किंवा तशाच नावाची सोय चालू असते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ती बंद करून कंपनीने ठरवलेली मर्यादा घातली की तापमान एकदम जाग्यावर येते आणि वेगातली घट सहसा घड्याळ लावूनच कळते.

यामागचे गणित असे, की प्रोसेसरचा वीजखर्च विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग तोच ठेवून दाब १० टक्क्यांनी उतरवला तर खर्च सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. रायझनमधील 'इको मोड' किंवा 'कर्व्ह ऑप्टिमायझर' याच तत्त्वावर चालतात. उन्हाळ्याचे तीन महिने इको मोडवर काढणे हा महागडा कूलर घेण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे. दाब फार उतरवला तर संगणक अधूनमधून थिजू लागतो. तेव्हा एक पायरी मागे यावे.

अतिरिक्त दाबाचे परिणाम केवळ तापण्यापुरते राहत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची उदाहरणे पुढे आली, तेव्हा एएमडीने एका विशिष्ट दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारी सुधारणा बायॉसमार्फत दिली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे उघड झाले. चुकीच्या चढ्या दाबामुळे आतील परिपथ झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची सुधारणा आली आणि इंटेलने या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्या घरी हे प्रोसेसर आहेत आणि ज्यांनी तेव्हापासून बायॉस अद्ययावत केलेले नाही, त्यांनी ते सर्वांत आधी करावे. झालेली झीज मात्र सुधारणेने भरून येत नाही.

क्वचित प्रोसेसर खरोखर काम करत असतो, पण मालकासाठी नव्हे. काहीही चालू नसताना वापर ५०-६० टक्के दिसत असेल, तर कुणाच्या तरी आभासी चलनाचे खाणकाम आपल्या विजेवर चालू असण्याची शक्यता तपासावी. चोरीचे प्रोग्रॅम आणि खेळांच्या फुकट प्रती यांच्यासोबत असे पाहुणे येतात.

आणि दोष उष्णतेचा नसेलच तर?

संगणक बंद पडला त्या क्षणी प्रोसेसरचे तापमान ६०-६५ अंश असेल तर उष्णतेचा नाद सोडावा. नेमका खेळ सुरू झाल्यावर वीज जात असेल तर ग्राफिक्स कार्डाचा अचानक वाढलेला भार न पेलणारा एसएमपीएस हा पहिला संशयित ठरतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर अधिकच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. ती संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. जुन्या मदरबोर्डवर सॉकेटशेजारच्या कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का, हेही पाहावे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर असंख्य बोर्ड निकामी झाले होते आणि त्या काळचे काही संगणक अजून हिशेबनीस मंडळींच्या कचेऱ्यांत चालू आहेत.

एवढे सारे करूनही प्रोसेसर तापतच राहिला, तर हमी तपासावी. खोक्यातून विकल्या जाणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांना साधारणपणे तीन वर्षांची हमी असते. सुट्या, खोक्याविना विकलेल्या प्रोसेसरची हमी बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर असते, म्हणून पावती जपावी. दुकानात जाताना खोलीचे तापमान, भाराआधीचे आणि भारानंतरचे आकडे, पत्री काढल्यावर पडलेला फरक आणि आलेखाचे छायाचित्र सोबत न्यावे. असा कागद समोर आला की "बोर्ड बदलावा लागेल" हे वाक्य बहुतेक वेळा आधी "थांबा, पाहतो" असे होते.